चपला बघून घेतलेला फ्लॅट

फ्लॅट कसा घ्यावा, हे साऱ्या पुण्यात फक्त सुदर्शन गावंडेला कळत होतं! असं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. मूळचा अकोल्याचा, खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेला हा गृहस्थ दुपारी डबा उघडून बसला, की टेबलाभोवती गर्दी जमायची. दिवसही तसेच होते. बुधवारी विचारलेला भाव शुक्रवारी शिळा व्हायचा. परवापर्यंत ज्वारी उभी असलेल्या रानात आज ‘बुकिंग चालू’ची पाटी दिसायची, आणि नोकरीत अजून कायम न झालेली पोरंसुद्धा होम लोनच्या व्याजावर तावातावाने बोलायची.

“सॅम्पल फ्लॅट बघून भुलायचं नाही,” सुदर्शन पोळीचा तुकडा भाजीत बुडवत सांगायचा. “तिथला पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो, खोली मोठी दिसावी म्हणून! बिल्डरच्या माणसाला काहीही विचारायचं नाही. आणि रविवारी सकाळी तर पायच ठेवायचा नाही. फ्लॅट बघायचा तो तिन्हीसांजेला!”

“तिन्हीसांजेला काहून?” शंभूने विचारलं. शंभू त्याच्याच टीममधला, वाशीमचा. चार जणांना विचारल्याशिवाय हा माणूस मोजेसुद्धा विकत घेत नसे.

“माणसं कामावरून घरी येतात तेव्हा. खिडकीखिडकीत दिवे लागतात का बघायचं. मग लिफ्ट सोडून जिना चढायचा आणि प्रत्येक दाराबाहेरच्या चपला बघायच्या. माणूस काहीही सांगेल रे, चपलांना थापा मारता येत नाहीत!”

हे ऐकून शंभूने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं, यावरून सुदर्शनचा दबदबा कळावा.

आता खरं सांगायचं, तर चपलांचा हा सिद्धान्त त्याला बायकोमुळे सुचला होता. नम्रता दारव्ह्याची. तिच्या माहेरी घराचं दार फक्त झोपताना लावायचं असतं. लग्न होऊन ती पुण्यात भाड्याच्या घरात आली, तर समोरच्या बाई साखळी न काढता दोन बोटांच्या फटीतून बोलायच्या, तेही ‘काय हवंय?’ एवढंच. वर्षभर असं गेल्यावर सुदर्शन घरी आला की ती मोकाट सोडलेल्या नळासारखी बोलत सुटायची, आणि मध्येच गप्प होऊन त्याच्याकडे बघत राहायची.

“माझं एकच म्हणणं आहे,” ती म्हणाली होती. “घर लहान असू द्या, लांब असू द्या, पण समोरच्या दारात माणूस पाहिजे. नाहीतर मी माहेरी निघून जाईन. भांडून नाही हो, नुसती बोलायला.”

म्हणून विश्रांतवाडीच्याही पुढे, नव्या वस्तीत, एका तिन्हीसांजेला दोघं जण मोटारसायकलवरून उतरले. एजंट बद्रीनाथ कडक इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी उभाच होता. चार मजल्यांच्या त्या इमारतीचं नाव ‘सुखशिखर हाइट्स’ होतं. सुदर्शनने मान वर केली आणि नेमके त्याच क्षणी खिडक्यांत दिवे लागायला लागले. एक, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा.

“पाहिलंस?” तो बायकोच्या कानात म्हणाला.

जिन्यात उदबत्तीचा वास होता. दारादाराशी चपला होत्या! पुरुषांच्या कातडी, बायकांच्या सोनेरी पट्ट्याच्या. तिसऱ्या मजल्यावर, ते बघत होते त्या फ्लॅटच्या बरोबर समोर, लहान मुलाचे लाल बूट होते. नम्रता तिथेच थबकली. तिचा चेहरा असा उजळला, की सुदर्शनने आतल्या खोल्या बघितल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल.

“सगळे फ्लॅट गेलेत का?” त्याने विचारलं.

“सगळे गेलेत साहेब. तीनशे दोन एवढा एकच उरलाय.”

“लोक कसे आहेत?”

“एकदम शांत,” बद्रीनाथ म्हणाला. “आजपर्यंत कुणाची कटकट म्हणून नाही.”

“आणखी काही विचारत नाही मी तुम्हाला. बिल्डरच्या माणसाला काही विचारायचं नसतं, हा माझा नियम आहे.”

“फार चांगला नियम आहे साहेब,” बद्रीनाथ अगदी मनापासून म्हणाला.

जानेवारीच्या सुरुवातीला ते राहायला आले. सामान आलं भर दुपारी. सगळी दारं बंद, सगळ्या चपला जागच्या जागी. फाटकाशी वॉचमनची केबिन होती, वॉचमन नव्हता. तो बिल्डरच्या पुढच्या साइटवर सिमेंट राखायला गेला होता. जिन्यात दिवे बसवायचे राहिले होते.

संध्याकाळी नम्रता चहाचा कप घेऊन बाल्कनीत आली. इमारत काटकोनात वळलेली होती, त्यामुळे पलीकडच्या खिडक्या समोरच दिसत. दिवा लागला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. खालचा मजला संपला, की वरचा सुरू.

“अहो,” ती म्हणाली, “हे सगळे एका रांगेत काहून घरी येतात?”

“पुण्याची माणसं. शिस्त असते,” सुदर्शन म्हणाला.

पण खिडकीत सावली म्हणून हलली नाही. टीव्ही नाही, मिक्सर नाही, कुणी कुणाला हाक मारली नाही. नुसते पिवळे चौकोन जळत होते. थोड्या वेळाने ते विझायला लागले. ज्या रांगेने लागले होते, त्याच रांगेने! दोघांचा चहा कपातच गार झाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चपला तर हलायचं नावच घेत नव्हत्या. लाल बुटांवर धुळीचा थर चढत चालला होता. नम्रताने एकदा धीर करून समोरची बेल वाजवली. भरल्या घरात बेल वाजते तेव्हा तिचा आवाज गाद्या-पडद्यांत मुरतो. ही बेल आत लांबवर घुमत गेली आणि बराच वेळ घुमत राहिली. दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड येत होता, उदबत्तीचा वास येत होता, आणि कुणीही येत नव्हतं. ती धावत घरात आली आणि तिने कडी लावली.

“नाइट शिफ्टवाले असतील,” सुदर्शन म्हणाला.

“आणि लेकरू? ते पण नाइट शिफ्टला जाते?”

सुदर्शनने उठून दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

मग आवाज सुरू झाले, किंवा आता ते ऐकू यायला लागले. रोज तिन्हीसांजेला जिन्यात पावलं वाजायची. बांगड्या किणकिणायच्या, लोखंडाचं काहीतरी खुळखुळायचं. एकदा सुदर्शनने धाडकन दार उघडलं, तर पावलं जागीच थांबली. अंधारात कुणीतरी श्वास रोखून उभं असल्याची जाणीव त्याच्या मानेवरून सरसरत गेली. आणि मग ती पावलं पळत खाली गेली! सुदर्शनही पळाला. आत.

त्याच आठवड्यात सकाळी दाराशी लिंबू सापडलं. कुंकू माखलेलं, टाचण्या टोचलेलं. ऑफिसात तो अजूनही घर कसं घ्यावं ते सांगत होता, पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता, आणि संध्याकाळ झाली की तो काही ना काही निमित्त काढून शंभूबरोबर रेंगाळायचा. घरी नम्रता एकटी आहे हे आठवलं की स्वतःचीच लाज वाटायची. मग मोटारसायकल सुसाट!

संक्रांत आली. नम्रता म्हणाली, “काही असो, हळदीकुंकवाला बायका येतीलच. हळदीकुंकवाला कोणी नाही म्हणत नाही.” तिने वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या. दारादाराशी वाटीत तिळगूळ ठेवून कुंकवाचं बोट लावून आली. संध्याकाळी काळी चंद्रकळा नेसून, सतरंजी अंथरून, दार सताड उघडं टाकून बसली. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यापर्यंतच दिवे लागले, दिवे विझले. तिच्या दारात कुणी आलं नाही. सुदर्शन घरी आला तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि गाळण्यांचा ढीग तिच्या पुढ्यात तसाच होता. त्याला भडभडून आलं.

सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर साऱ्या वाट्या! स्वच्छ घासलेल्या, ओळीने पालथ्या घातलेल्या, आणि शेवटच्या वाटीवर एक लिंबू.

“अहो,” नम्रताचे ओठ पांढरे पडले होते. “वाट्या घासून परत देणारं भूत मी कधी ऐकलं नाही.”

“पुण्याचं असेल,” सुदर्शन म्हणाला. “भांडी परत केली, पण बेल वाजवली नाही.”

ती हसली नाही. कपाटावरची बॅग खाली काढत म्हणाली, “मला दारव्ह्याची गाडी पाहून द्या.”

आता मात्र सुदर्शनच्या अंगात वीरश्री संचारली. बायको जाणार या भीतीपुढे भुताची भीती काहीच नव्हती! त्याने ऑफिसातून दुपारीच रजा टाकली, आणि उजेड ओसरायला लागला तसा तो समोरच्या दाराशेजारच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. जिना गार पडला होता आणि डासांनी उच्छाद मांडला होता, म्हणून त्याने घरातली चादर डोक्यावरून लपेटून घेतली. चादर पांढरी होती. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण सगळ्या गोष्टी एका माणसाच्या कशा लक्षात येणार?

जिना काळोखात बुडाला. खालून पावलं आली. बांगड्या किणकिणल्या, लोखंड खुळखुळलं. मग अंधारात एक लाल ठिपका दिसला. नुसता ठिपका, माणसाच्या छातीच्या उंचीवर, तरंगत तरंगत वर येणारा. ठिपका समोरच्या दारापाशी आला, थांबला. कुलूप खटकन वाजलं. ‘कोण आहे तिकडे!’ असं दरडावायचं त्याने दुपारपासून घोकलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून बारीक, चिरका आवाज निघाला.

“को... कोण...?”

त्यापुढे जी किंकाळी उठली ती नेमकी कुणाची, यावर अजून एकमत नाही. ठिपका हवेत उडाला. किल्ल्यांचा जुडगा सुदर्शनच्या नडगीवर आदळला. चादरीत पाय अडकून तो जिन्याच्या तोंडाशी आडवा झाला, त्यामुळे समोरच्या आकृतीला पळायला एकच वाट उरली, ती म्हणजे गावंड्यांचं नुसतं लोटलेलं दार! आत नम्रता देवापाशी निरांजन लावून, केस मोकळे सोडून बसली होती.

“आगं बाई! दुसरी बी हाय!” असं ओरडून ती आकृती मटकन खाली बसली.

ती गोदाबाई होती. कळसगावात राहणारी, पन्नाशीची, हाताला कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि कमरेला पदराची घट्ट गाठ. नम्रताने पाणी दिलं, तर तिने आधी नम्रताच्या पायांकडे निरखून बघितलं. पाय सुलटे आहेत अशी खात्री पटल्यावरच पेल्याला हात लावला.

“तुमी माणसं हाय?” तिने विचारलं.

“तुम्ही कोण आहात?” नडगी चोळत आत आलेल्या सुदर्शनने विचारलं.

“म्या दिवं लावती. ह्या समद्या फ्लॅटांचं मालक अमेरिकेला नाय तर लंडनला. त्यांच्या आया हिकडं पेठंत. नव्या वास्तूत तिन्हीसांजंला अंधार नगं, असं त्या म्हनत्यात. मग बद्रीशेटनं मला ठिवलं. दिवा लावायचा, उदबत्ती फिरवायची, परत यिऊन दिवा मालवायचा.”

“मग आमच्या दारात लिंबू?”

“तर वो! बद्रीशेट म्हनला, तीनशे दोनला जाऊ नगंस. का, ते न्हाई सांगितलं. आन रिकाम्या बिल्डिंगीत आत नळ वाजतोय, कुकरची शिट्टी होतीया! म्या म्हनलं, बाधा हाय. त्यात संक्रातीला दारादारात तिळगूळ, आन तुमचं दार सताड उघडं! म्या अर्ध्या जिन्यातनंच मागं फिरली. माझी तर दातखीळच बसायची ऱ्हायली. त्यांचं भांडं ठिवू नाय म्हनत्यात, म्हनून रातच्याला तुमचं दार लागल्यावर घासून परत केलं.”

“आणि तिळगूळ?” नम्रताने विचारलं.

“बद्रीशेटला दिला. त्याला काय हुत न्हाई.”

“आणि त्या चपला? ते लाल बूट? त्या लेकराचं काय?”

“कसलं लेकरू? चोरांनी माणसं हायती समजावं म्हनून जुन्या बाजारातनं आणल्यात त्या. बुटं तर दोनी डाव्या पायाची हायती.”

सुदर्शन बायकोकडे बघायचं टाळत राहिला.

“म्हणजे या बिल्डिंगमध्ये राहतं कोण?” नम्रताने हळूच विचारलं.

“तुमी,” गोदाबाई म्हणाली.

इतके दिवस घाबरून न रडलेली नम्रता आता रडायला लागली. “भूत असतं तर बरं झालं असतं हो,” ती हुंदके देत म्हणाली. “निदान कोणीतरी राहत तरी असतं.”

सुदर्शनने तिथूनच बद्रीनाथला फोन लावला आणि मराठीतले सगळे ठेवणीतले शब्द वापरून झाल्यावर विचारलं, “तुम्ही सांगितलं नाहीत कसं?”

“मी म्हणालो, फ्लॅट गेलेत. राहतात असं म्हणालो का? बरं, तुम्ही विचारलंत तर सांगणार! तुमचा तर नियमच होता.” मग तो थोडा ओशाळला असावा, कारण आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब, तुमच्या समोरच्या फ्लॅटचा मालक विकायचं म्हणतोय. नारायण पेठेतलं एक निवृत्त जोडपं रविवारी सकाळी बघायला येतंय. खरंच राहायला येणारी माणसं आहेत. आजी फार बोलक्या आहेत. पटलं त्यांना, तर तुमच्या मिसेसना शेजार होईल.”

सुदर्शनने फोन ठेवला, तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. नम्रताला हे डोळे ओळखीचे होते आणि तिला ते मुळीच आवडायचे नाहीत.

“ओसाड बिल्डिंग पाहून ते पळून जातील,” तो म्हणाला. “आपण त्यांना भरलेली बिल्डिंग दाखवू!”

“खोटं?”

“खोटं कसलं? पाहुणे बोलावू. पाहुणे बोलावणं काय खोटं असते?”

रविवारी सकाळी अख्खी टीम सहकुटुंब हजर झाली. गोळाभाताचं आमिष होतं, आणि ऑफिसात वऱ्हाडी माणसांची कमी नव्हती. किल्ल्या द्यायला गोदाबाईने साफ नकार दिला, म्हणून सगळ्यांना जिन्यात, पार्किंगमध्ये आणि गच्चीवर पेरण्यात आलं. पार्किंगमध्ये क्रिकेट सुरू झालं. पायऱ्यांवर बायका तांदूळ निवडायला बसल्या. गच्चीवरून कुणीतरी कुणाला तरी मोठमोठ्याने हाका मारत होतं. नम्रताच्या स्वयंपाकघरात तीन-तीन कुकर शिट्ट्या फुंकत होते.

श्यामसुंदर आगाशे आणि आनंदीबाई रिक्षातून उतरले. आगाशे डाक खात्यातून निवृत्त झालेले, काडीसारखे ताठ, हातात कापडी पिशवी. फाटकातून आत येताच एक चेंडू त्यांच्या पायाला लागला. त्यांनी तो उचलला, निरखून बघितला आणि कुणालाही न देता कठड्यावर ठेवून दिला.

“नमस्कार काका! मी वरच्या मजल्यावर राहतो!” शंभू पायऱ्यांवर भेटला. मग त्यांच्या पुढे धावत वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत बिचारा घाबरून सगळं विसरला आणि धापा टाकत म्हणाला, “नमस्कार काका! मी खालच्या मजल्यावर राहतो!”

“आपल्याला दोन घरं आहेत का?” आगाशे म्हणाले. “का पोटभाडेकरू ठेवलाय?”

पण आनंदीबाई खुशीत होत्या. गोदाबाईने उघडून दिलेला समोरचा फ्लॅट बघून होताच त्या सरळ नम्रताच्या स्वयंपाकघरात शिरल्या. रथसप्तमी अजून व्हायची होती. नम्रताने त्यांना हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण म्हणून गाळणी दिली. गोळ्याला कोणत्या डाळीचा भरडा घ्यायचा यावरून जी गप्पांना सुरुवात झाली, ती आनंदीबाईंच्या गुडघेदुखीपर्यंत जाऊन पोचली. नम्रता खळखळून हसली. या घरात ती पहिल्यांदाच हसत होती. सुदर्शन दाराशी उभा राहून बघत होता आणि त्याला वाटलं, हप्ते आयुष्यभर फेडावे लागले तरी हरकत नाही.

“मी रोज संध्याकाळी येत जाईन हो तुझ्याकडे,” आनंदीबाई म्हणाल्या.

आगाशे चहा संपवून कप बशीत ठेवत म्हणाले, “जागा उत्तम आहे. उजेड आहे, वारा आहे. नको.”

“नको? काय झालं काका?” सुदर्शन दारातून पुढे आला.

“आयुष्यभर शेजारी सोसले. आमच्याकडे काय शिजतंय ते आमच्या आधी वरच्यांना कळतं. बद्रीनाथ म्हणाले, तिथे कुणीही राहत नाही, चिटपाखरू नाही, म्हणून एवढ्या लांब आलो. इथे तर जत्रा भरली आहे!”

“नाही हो काका! देवाशपथ नाही!” सुदर्शनने त्यांचा हातच धरला. “हे सगळे माझ्या ऑफिसचे आहेत! जेवायला बोलावलेत! शंभ्या, सांग ना! इथे कुणीही राहत नाही! समोर दिवे लागतात ते पण खोटे! या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच बिऱ्हाड आहे, आमचं!”

आगाशे थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत डोळ्यांवर चढवला. आनंदीबाईंनी आशेने नवऱ्याकडे बघितलं, नम्रताने श्वास रोखला, आणि आतला कुकरसुद्धा गप्प बसला.

“एकच?” आगाशे म्हणाले.

“एकच!”

आगाश्यांनी सुदर्शनकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“पण नेमकं समोरच,” ते म्हणाले आणि पिशवी उचलून जिना उतरायला लागले.